टीव्हीवरचे हात

“ताई, हात तेवढे पुढं असू द्या. तोंड जरा मागं घ्या, फ्रेममध्ये येतंय.”

कॅमेरावाला पोरगा चांगला होता बिचारा, आवाजही मऊ. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! वाटलं, हातातलं लाटणं ओट्यावर आपटावं आणि म्हणावं, घ्या, लाटा तुमच्या तुम्ही. पण मी तोंड मागं घेतलं. आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच ओट्यापाशी मान वाकडी करून उभी राहिले आणि शेंगापोळी लाटायला लागले.

माझ्या शेजारी अगदी खेटून माझी भावजय स्नेहल उभी. अंगावर लाल साडी, केसांत गजरा, तोंडाला मुंबईहून आलेल्या बाईनं केलेला मेकअप. दोघींच्या हातांत सारख्याच हिरव्या बांगड्या भरलेल्या, म्हणजे बघणाऱ्याला हात तिचेच वाटावेत. माझं लाटून झालं की मला बाजूला सरकवायचे आणि कॅमेरा हिच्या तोंडावर जायचा. मग ही मान डोलवून म्हणायची, “आता ही पोळी आपण मंद आचेवर खमंग भाजून घ्यायची हं!”

मंद आचेवर म्हणे! मंद आचेवर शेंगापोळी ठेवली तर वाळून खडखडीत होते. पण हिला काय माहीत? लग्न होऊन आल्यापासून हिनं एक पोळी कधी लाटली असेल तर शपथ.

मी महानंदा शेटे. घरात सगळे अक्का म्हणायचे. बार्शीत आमचं घर, खाली भुसार मालाचं दुकान आणि वर आम्ही. वडील लवकर गेले. घरात आई, माझ्या पाठचा भाऊ बसवराज, म्हणजे बसू, त्याची ही स्नेहल आणि सगळ्यांत धाकटी राजश्री. राजीला मीच वाढवली. वडील गेल्यावर आई दुकानात बसायची, तेव्हा राजीचं जेवणखाण, वेणीफणी, शाळेतला डबा सगळं माझ्याकडं. मी लग्नाची नव्हते ना, मग वेळच वेळ.

लग्नाची का नव्हते, ते पण सांगते. मला कोड आहे. शाळेत असताना ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग तो वाढत वाढत तोंडाभोवती, डाव्या डोळ्याभोवती, गळ्यापर्यंत गेला. औषधं झाली, मलम झाले, नवस झाले. हात मात्र स्वच्छ राहिले. “हात तेवढे देवानं ठेवले गं बाई,” आई म्हणायची. पोरीनं पुढं हातांवरच जगायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तर हे टीव्हीचं प्रकरण. तेव्हा दर रविवारी संध्याकाळी सात वाजता ‘बसा जेवायला’ नावाचा एक कार्यक्रम लागायचा. श्रीरंग दाबके म्हणून नाटकातले एक म्हातारे नट होते, ते दर वेळी कुठल्यातरी लहान गावात जायचे, एखाद्या घरात शिरायचे, तिथल्या बाईनं काहीतरी करून वाढायचं, यांनी खायचं, चार विनोद करायचे आणि निघायचं. बस. त्यात मालिकांसारखं ना कुणी रडायचं, ना कुणी कुणाच्या दुधात काही मिसळायचं. बसू त्याला बिनडोक कार्यक्रम म्हणायचा, पण सात वाजले की सगळ्यांच्या आधी येऊन कॉटवर आडवा व्हायचा.

मला तो कार्यक्रम का आवडायचा सांगू? आठवड्यात तेवढा एकच तास मी बसायचे. रविवारी रात्री नुसती खिचडी असायची, ती मी आधीच टाकून यायचे. राजी माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, मी तिच्या केसांना तेल लावत टीव्हीशी भांडायचे. “अहो बाई, मोहरी तडतडू द्या की आधी! कसली घाई झालीय?” सगळे हसायचे. आई पण हसायची. त्या तासात सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं असायची. माझ्या तोंडाकडं बघायचं नाही म्हणून कुणाला नजर वळवावी लागायची नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी ते एक फोन नंबर द्यायचे. तुमच्या घरी आम्हाला काय खिलवाल ते कळवा म्हणायचे. एक दिवस बसू बाजार समितीत गेला होता, तेव्हा मी दुकानातल्या फोनवरून नंबर फिरवला. एका मुलीनं उचलला. मी शेंगापोळी सांगितली. दाणे कसे भाजायचे, गुळाबरोबर कुटताना तेल कधी सुटतं, सारण काठापर्यंत कसं गेलं पाहिजे, सगळं. ती मन लावून ऐकत होती. आणि थोड्या दिवसांनी, बसू असाच बाहेर असताना, तिचाच फोन आला.

“महानंदाताईच बोलताय ना? आम्ही बार्शीला येतोय. तुमची शेंगापोळी निवडलीय.”

माझं नाव घेऊन फोन आलेला तो पहिलाच. मी इतकी हरखले, की दुकानातल्या गिऱ्हाइकाला तुरीच्या ऐवजी हरभऱ्याची डाळ बांधून दिली. पण मी लबाडी केली नाही. तिथल्या तिथं तिला सांगितलं, “बाई, माझ्या तोंडावर कोड आहे. चालेल का तुम्हाला?” ती म्हणाली, “ताई, मी साहेबांना विचारून कळवते.”

मला टीव्हीवर दिसायचं होतं. तोंडानिशी. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? बसूला मुलगी बघायला गेले तेव्हा मला तुळजापूरला मावशीकडं पाठवलं होतं. लग्नात मी भटारखान्यात होते. राजीला बघायला कुणी यायचे तेव्हा आई म्हणायची, “पदर ओढून घे आणि ट्रे ठेवून लगेच आत जा.” सारखं आत जा, आत जा. मला वाटलं, एकदा का रविवारी सात वाजता सगळ्या महाराष्ट्रानं मला बघितलं, की मग घरच्यांना लपवायला काय उरणार? संपलं की सगळं! मग मी दारात बसून शेंगा निवडीन, नाहीतर लग्नात पहिल्या रांगेत बसेन. मी हिरव्या काठाची इरकल पेटीतून काढून उन्हात टाकली.

पुढचा फोन आला तेव्हा मी देवळात गेले होते. बसूनं घेतला. परत आले तर तो, आई आणि राजी असे तिघं माझी वाट बघत बसलेले.

“काय म्हणाले?” मी चपला काढता काढताच विचारलं.

“येणार आहेत,” बसू म्हणाला. “पण अक्का, ते तुझं जमणार नाही म्हणाले. म्हणजे पोळी तुझीच. हात पण तुझेच घेणार. तोंड तेवढं स्नेहलचं दाखवू म्हणाले.”

“का?”

“आता का म्हणजे?” त्यानं मान खाली घातली. “लोक जेवत असतात म्हणे त्या वेळेला.”

लोक जेवत असतात त्या वेळेला. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले आणि म्हटलं, सांगा त्यांना, येऊ नका. मी काही करत नाही.

तेव्हा राजी जवळ आली आणि मागून माझ्या गळ्यात हात टाकले. “अक्का, असं नको ना करू. अक्कलकोटच्या लोकांचं जवळजवळ ठरलंय. आपलं घर टीव्हीवर आलं तर किती बरं दिसेल. आणि हात तर दिसतीलच ना तुझे? माझ्यासाठी कर.”

अक्कलकोटचे म्हणजे कलशेट्टी. मुलगा मल्लिनाथ, साखर कारखान्यात इंजिनिअर. आईच्या चुलतभावानं आणलेलं स्थळ. राजी त्यांना पसंत होती, आणि राजीलाही तो मुलगा मनापासून आवडला होता. दिवसभर गुणगुणत फिरायची कार्टी. मी विरघळले. तिनं असे गळ्यात हात टाकले की मी नेहमीच विरघळायचे.

तर असं ते शूटिंग. दुपारपर्यंत माझे हात घेऊन झाले. मग दाबके साहेब पाटावर बसले, स्नेहलनं हसत हसत वाढलं. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डब्यांपाशी उभी. साहेबांनी पोळीवर तूप घेतलं, घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. विनोद करायचे विसरले. जेवण झाल्यावर हात धुवायच्या निमित्तानं ते उठून सरळ माझ्याकडं आले. जवळून बघितलं तर बरेच थकलेले होते, टीव्हीवर दिसायचे तेवढे जाडही नव्हते.

“महानंदाताई,” ते म्हणाले, “अजून विचार करा. कॅमेरे आहेत तोवर पाच मिनिटांत होईल. यात लाज कसली?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी नको म्हणायचं आणि वर येऊन मीठ चोळायचं!

“लाज मला वाटायला पाहिजे होय?” मी म्हटलं. “वा! चांगलं आहे की!”

ते गोंधळून बघायला लागले. काहीतरी बोलणार, तेवढ्यात बसूनं मध्ये येऊन त्यांचा दंड धरला. “चला साहेब, खाली दुकान दाखवतो, चहा पण तिथंच घेऊ.” आणि घेऊन गेला. मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला लाखोली वाहिली. पुढं कितीतरी दिवस वाहत होते.

ज्या रविवारी आमचा भाग लागणार होता, त्या रविवारी बसूनं शक्कल काढली. कलशेट्टींना संध्याकाळीच बोलवायचं. सगळ्यांनी मिळून कार्यक्रम बघायचा, शेंगापोळीचं जेवण करायचं आणि जेवता जेवता साखरपुड्याची तारीख धरायची. “काय रुबाब होईल बघ,” तो आईला म्हणाला. टीव्हीच्या नव्या कव्हरला स्नेहलनं झालर लावली.

मला आईनं सकाळीच बजावलं. “तू बाहेर येऊ नकोस. ताटं स्नेहल नेईल.”

“निदान माझे हात तरी बघू देशील का?” मी म्हटलं.

“बघ की दाराआडून. तुला कोण नको म्हणतंय?”

कलशेट्टी आले सहाच्या पुढं. मुलाचे वडील मितभाषी, आई सरोजिनीबाई उंच, खणखणीत आवाजाच्या. मल्लिनाथ मागं मागं. चहापाणी झालं. मी आत तव्यावर पोळ्या टाकत होते. सात वाजता शीर्षकाचं संगीत वाजलं, तसा गॅस बंद केला आणि मधल्या दाराच्या पडद्यामागं येऊन उभी राहिले. फटीतून टीव्ही दिसत होता, समोर बसलेल्यांच्या पाठी, आणि भिंतीशी बसलेल्या राजीचं एका बाजूनं तोंड.

आमचं घर टीव्हीवर मोठं दिसत होतं. दाबके साहेब जिना चढले, आईच्या पाया पडले, सगळे हसले. मग ओटा आला. मग माझे हात आले.

खरं सांगते, बरे दिसत होते. कणकेचा उंडा घेतला, वाटी केली, सारण भरलं, तोंड मिटलं, लाटायला घेतलं. पोळी फिरत फिरत कशी मोठी होत जाते, ते मी बाहेरून कधी बघितलंच नव्हतं. क्षणभर ऊर भरून आला. आणि लगेच वर स्नेहलचं तोंड. “मंद आचेवर खमंग!”

“अगं, हात काय चपळ आहे तुझा!” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“सवय झाली हो आता,” स्नेहल म्हणाली.

मी पडदा मुठीत धरला. असू दे, म्हटलं. राजीसाठी. अजून दहा मिनिटं, मग जेवणं, मग तारीख, मग राजी तिच्या घरी सुखात.

कार्यक्रमाचा शेवट दाबके साहेब नेहमी मुंबईला स्टुडिओत बसून करायचे. लाल खुर्चीत बसायचे, आभार मानायचे, फोन नंबर सांगायचे. त्या दिवशीही तसेच बसले. पण हसले नाहीत.

“जाता जाता एक सांगायलाच हवं,” ते म्हणाले. “आजची पोळी ज्या हातांनी लाटली, ते हात स्नेहलताईंचे नव्हते. त्यांच्या मोठ्या नणंदबाई महानंदाताई शेटे यांचे होते. पाककृतीही त्यांचीच. आमची फार इच्छा होती की त्यांनीच समोर यावं. आम्ही दोनदा निरोप पाठवला. पण ताईंना संकोच वाटतो, त्या नाही म्हणतात, असं त्यांच्या घरच्यांनी कळवलं. महानंदाताई, एवढी सुंदर पोळी खाऊन तुमचं श्रेय दुसऱ्याला द्यायचं माझ्या जिवावर आलं. पुढच्या वेळी समोर या. आम्ही वाट बघतो.”

मग साबणाची जाहिरात लागली. एक बाई पांढरीशुभ्र चादर झटकत होती. टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही.

मी नाही म्हणाले? मी? मला आधी काही कळेचना. घरच्यांनी कळवलं. दोनदा निरोप पाठवला. अजून विचार करा, यात लाज कसली. एकेक वाक्य डोक्यात जागेवर बसत गेलं.

पण बाहेर त्याहून भारी चाललं होतं.

“महानंदा कोण?” सरोजिनीबाईंनी विचारलं. “तुम्ही तर म्हणाला होता, बसवराज आणि राजश्री, दोघंच भावंडं.”

दोघंच. मला पाठवून दिलं, आत ठेवलं, पदर ओढायला लावला, ते सगळं मला माहीत होतं. पण मला मोजलंच नाही, हे माहीत नव्हतं.

“ते... त्या चुलत आहेत,” बसू म्हणाला. “लांबच्या. टीव्हीवाल्यांनी काहीतरी घोळ केला.”

“मग मागच्या वेळी चहा घेऊन आल्या, त्या कोण? पदर ओढलेल्या? त्यांचाही हात मला असाच वाटला होता. सुरेख हात होता.”

आई पदरानं तोंड पुसत बसली. मी पडद्याआडून राजीकडं बघत होते. ती सांगेल, मला वाटलं. तिच्या तोंडून निघून जाईल, माझी अक्का म्हणून. लहान होती तेव्हा शाळेत कुणी माझ्यावरून चिडवलं तर ओरबाडून यायची.

“त्या स्वयंपाकाला येतात आमच्याकडं,” राजी म्हणाली.

अडखळली नाही, लाल झाली नाही. वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तशी बोलली.

मी पडदा सारला आणि बाहेर गेले. पदर खांद्यावरच होता, तसाच राहू दिला. हाताला पीठ होतं. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिले, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

“मी महानंदा,” मी म्हटलं. “या दोघांची सख्खी थोरली बहीण. स्वयंपाकाला येते ते खरं आहे. झोपून उठले की येते.”

“अक्का, आत जा,” बसू दातओठ खात म्हणाला.

“जाते. आधी एक सांग. मी नाही कधी म्हणाले रे?”

“आत जा म्हटलं ना!”

“आणि लोक जेवत असतात त्या वेळेला, हे कुणी सांगितलं? त्या फोनवरच्या मुलीनं, का तूच जुळवलंस?”

तो टीव्हीकडं बघत राहिला. ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. मी त्या म्हाताऱ्याला उगाच शिव्या घातल्या.

सरोजिनीबाई उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं, जेवढा वेळ बघायचं तेवढा वेळ. नजर चुकवली नाही आणि चुकचुकल्याही नाहीत.

“माझ्या सख्ख्या दिराला आहे,” त्या म्हणाल्या. “अंगभर आहे. आमच्यात बसूनच जेवतो, लग्नकार्यात पुढं तोच असतो. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर आम्ही हूं का चूं केलं नसतं हो.” मग त्या वळल्या. “पण राजश्री, तू आपल्या बहिणीला स्वयंपाकीण म्हणालीस. ती घरात असताना. उद्या माझ्या दिराला काय म्हणशील?”

“आई, तिला घाबरून सुचलं नसेल...” मल्लिनाथ पुटपुटला.

“सुचलं की. लगेच सुचलं,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “चला, उठा.”

ते गेले. बसू जिन्यापर्यंत मागं मागं गेला, गयावया करत राहिला. ताटं मांडलेली तशीच होती. राजी तिथंच फरशीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. सवयीनं मी तिच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवायला वाकले. तिनं हात झटकला.

“झालं समाधान?” आई माझ्यावर ओरडली. “तुझ्या तोंडापायी पोरीचं मोडलं!”

“माझ्या तोंडापायी? ऐकलं नाहीस का त्या काय म्हणाल्या? त्यांना कोडाचं काही नव्हतं. तुमच्या खोटं बोलण्यानं मोडलं.”

“लोक तोंडावर असंच चांगलं चांगलं म्हणतात. मनात कोडच होतं तिच्या. मला कळत नाही होय?”

“बसूला तो निरोप खोटा सांगायला तूच लावलंस ना, आई?”

“लावलं. बरं मग? पोरीचं भलं बघायचं नाही? तुझं काय, तुझं तर...” ती थांबली.

“बोल की. माझं काय?”

बोलली राजी. रडता रडता मान वर केली आणि म्हणाली, “अक्का, तू आत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?”

काय सांगायचं हिला? तिची काहीही चूक नसल्यासारखं ती विचारत होती. तिला खरंच कळत नव्हतं. मीच वाढवलेली पोर.

“थांबलेच होते की गं आजपर्यंत,” मी म्हटलं, आणि आत जाऊन हात धुतले.

दुसऱ्या महिन्यात मी घर सोडलं. गाव सोडलं नाही. मी कशाला सोडू गाव? कॉलेजच्या मागं दोन खोल्या घेतल्या आणि मुलांसाठी खानावळ काढली. पहिल्या दिवशी आलेली पोरं बिचकली, मग भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आली. आता माझ्याकडं तोंड वर करून, “मावशी, अजून एक!” म्हणून ओरडतात. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. टीव्ही मी घेतला नाही. दाबके साहेबांच्या ऑफिसातून परत फोन आला होता म्हणे दुकानात, पण तो निरोपही माझ्यापर्यंत पोचला तेव्हा कार्यक्रम बंद पडला होता.

वर्षभरानं अशाच एका रविवारी बसू आला. घर सोडल्यावर पहिल्यांदाच. मी चहा ठेवला. तो बाकावर टेकला, इकडं तिकडं बघितलं, चांगलं चाललंय की म्हणाला.

“राजीचं ठरलं,” तो म्हणाला. “लातूरचे लोक आहेत. मोठं घराणं आहे.”

“बरं झालं.” मला खरंच बरं वाटलं. त्या लोकांना किती भावंडं सांगितली, ते मी विचारलं नाही.

“अक्का, शेंगापोळ्या तुझ्याच पाहिजेत, असं राजी म्हणतीय. आचाऱ्याला तसं जमत नाही. मी सामान इथंच पाठवून देतो, तू करून ठेव. लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी पाठवतो.”

“गाडी पोळ्या न्यायला, का मला?”

तो पायातल्या चपलेकडं बघत राहिला. चहा निवला.

“हे बघ बसू,” मी म्हटलं, “नुसते हात यायचे नाहीत. यायची तर मी सगळी येईन. हिरव्या काठाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसेन, आणि राजीच्या डोक्यावर अक्षता टाकीन. चालत असेल तर सांग, पोळ्या डोक्यावरून घेऊन येते.”

त्यानं थंड चहा एका घोटात संपवला आणि उठला.

“आईला विचारून सांगतो,” तो म्हणाला.

राजीची थोरली मुलगी आता पुण्याला कॉलेजात शिकते, असं कुणाकुणाकडून कळतं. बसूचं अजून विचारून व्हायचंय.